एकतर गाणं, नाहीतर दिवा

अपघाताची बातमी वाचताना ‘चालकाच्या निष्काळजीपणामुळे’ हे शब्द आले की तुम्ही थांबता, की तसेच पुढे जाता? खरं सांगा. पुढेच जाता ना? गुन्हेगार सापडला, बातमी संपली, चहाही संपला.

खटकाबाई थांबायच्या. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दोन वर्तमानपत्रं यायची. दुपारपर्यंत ती बाईंच्या हाताखालून गेलेली असायची. ज्या बातमीत ते शब्द असतील तिथे लाल पेनाने आडवी रेघ आणि तिच्यावर बारीक अक्षरात प्रश्न, ‘कुठल्या खटक्यामुळे?’ कँटीनचे मामा वैतागायचे. “मॅडम, लोकं वाचत्यात तो. परीक्षेचा पेपर हाय का ह्यो, लाल रेघा मारायला?”

“परीक्षेचाच आहे मामा. उत्तर चुकलंय, म्हणून रेघ मारली.”

आमची कंपनी गाड्यांचे स्विच बनवायची. मोटारसायकलच्या मुठीवरचं हॉर्नचं बटण, जीपच्या वायपरचा दांडा, ट्रॅक्टरच्या दिव्यांचा गोल स्विच. असल्या वस्तू कुणी आवडीने निवडून घेत नाही, त्या गाडीबरोबर येतात. पण बटण अंगठ्याखाली कुठे यावं, केवढं असावं, किती जोर दिल्यावर दबावं, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. आमच्याकडे ते बाई ठरवायच्या. डिझाइन विभागाच्या त्या प्रमुख होत्या. ‘स्विच’ हा शब्द त्या फक्त साहेबांपुढे वापरायच्या, एरवी ‘खटका’. म्हणायच्या, “स्विच म्हटलं की नुसती वस्तू. खटका म्हटलं की कानाला ऐकू आलं, बोटाला कळलं आणि चुकीचा असेल तर मनालाही खटकलं. मला तिन्ही पाहिजेत.” कामगारांनी त्यांना ‘खटकाबाई’ करून टाकलं. त्यात थोडा चावटपणाही होता, कारण बाई खटके काढायच्या तसे उडवायच्याही. रोज कुणाशी ना कुणाशी उडायचाच.

मी तिथे नोकरीला लागले ती खोक्यात घालायची मराठी माहितीपत्रकं लिहायला. आम्ही दोघीही भिंगारच्या. त्या मला लहानपणापासून पाहत होत्या, विहाराच्या वाचनालयात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून पत्रकंच वाचणारी मुलगी म्हणून. आमच्या घरी कपाटं कमी आणि पत्रकं जास्त. संपाची, मोर्च्याची, पाण्याची, जमिनीची. त्यामुळे बाई मला नावाने हाक मारत नसत. “काय पत्रकवाली, आज कुणाला जागं केलंस?” कंपनीच्या पत्रकात कुणाला जागं करायची सोय नव्हती. ‘वायर लाल टोकास जोडावी’ एवढंच.

बाईंच्या खोलीत एक लोखंडी सीट होती, पुढे स्टिअरिंग आणि त्याभोवती नवे नमुने लावायची पट्टी. नवा खटका तयार झाला की बाई कुणालाही धरून आणायच्या. डोळ्यांवर रुमाल बांधायच्या आणि हुकूम सोडायच्या, “डावीकडे वळायचंय. दाखव. पाऊस आला, पूस. समोरून गाडी आली, दिवा खाली कर.” प्रेसवर काम करून बोटं जाड झालेला कामगार असो, मनगटभर बांगड्या घातलेल्या पॅकिंगमधल्या मावशी असोत, सगळ्यांना त्या सीटवर बसावं लागे. एकदा डेप्युटी साहेबांना बसवलं. पावसाचा हुकूम झाला आणि साहेबांनी हॉर्न वाजवला. खिडकीबाहेर उभे असलेले कामगार हसले. साहेब रुमाल सोडत म्हणाले, “मी जरा घाईत होतो.” बाई म्हणाल्या, “साहेब, पावसात सगळेच घाईत असतात. तुमचं काही चुकलं नाही. हा दांडा हलवायला पाहिजे.” आणि त्यांनी तो खरंच हलवला. माणूस चुकला की बाई माणसाला नाही, दांड्याला हलवायच्या. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान इतकंच होतं आणि त्यापायी त्या कुणाशीही भांडायला तयार असत.

हे त्या शिकल्या कुठे? इंजिनिअरिंग कॉलेजात नव्हे. त्यांचे वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात गाड्यांचं वायरिंग करत. भंगारात निघालेला ट्रकच्या दिव्यांचा एक खटका त्यांनी लेकीला खेळायला आणून दिला होता. तो बाईंच्या टेबलावर कायम असे. फिरवायला गेलं तर फिरायचा नाही. एका बोटाने बारीक कळ दाबून धरायची, मगच दुसऱ्या बोटांनी फिरवायचा. म्हणजे सीमेवर अंधारात चुकून हात लागला आणि दिवे पेटले, असं होऊ नये. बाई तो माझ्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, “बघ, सैनिक चुकेल हे धरून चालले ते. थकेल, झोपेत असेल, थंडीने बोटं बधिर झाली असतील. तरी त्याचा जीव वाचला पाहिजे म्हणून ही कळ. मग आपल्या रस्त्यावरच्या माणसासाठी का नको? त्याने गणवेश घातला नाही म्हणून?”

माझ्याशी त्यांचा पहिला खटका उडाला तो एका वाक्यावरून. ट्रॅक्टरच्या स्विचच्या पत्रकात मी लिहिलं होतं, ‘ट्रॉलीचा मागील दिवा चालू असल्याची चालकाने खात्री करावी.’ बाईंनी कागद हातात घेतला आणि विचारलं, “कशी करावी?”

“म्हणजे, मागे वळून बघावं.”

“मागे उसाची ट्रॉली आहे. तिच्यामागे दुसरी ट्रॉली. ऊस पार टपाच्या वर गेलाय. काय दिसणार त्याला, तुझं कपाळ?” मग जरा शांत होऊन म्हणाल्या, “पत्रकवाली, जिथे जिथे तुला ‘चालकाने काळजी घ्यावी’ असं लिहावं लागतं ना, तिथे तिथे माझं काम राहिलेलं असतं. तुझं ते वाक्य म्हणजे माझ्या नापासाचं प्रगतिपुस्तक आहे.” वाक्य मात्र तसंच राहिलं. पत्रकं छापून झाली होती, आणि तो स्विच बाईंचाच होता, जुना, सगळ्यांना पसंत पडलेला.

त्याच स्विचवरून पुढचं सगळं घडलं.

गळीत हंगाम सुरू होता. जामखेडकडच्या खर्ड्याजवळ पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून एक मोटारसायकल आदळली. दूध घालायला निघालेला एक तरुण. जीव वाचला, पाय गेला. ट्रॉलीचा मागचा दिवा बंद होता. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भानुदास, त्याला अटक झाली. बातमीत तेच शब्द होते, आणि कँटीनच्या पेपरवर तीच लाल रेघ. काही दिवसांनी ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने आमच्याकडे विचारणा केली, स्विचमध्ये दोष आहे का? साहेबांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. ‘स्विच निर्दोष. चालकाने दिवा बंद ठेवला.’ खाली फक्त डिझाइन करणाऱ्याची सही हवी होती. म्हणजे बाईंची.

“आधी बघून येते,” बाई म्हणाल्या.

“काय बघणार? स्विच तपासलाय. चालू आहे.”

“खटका बघितलाय साहेब. हात बघितलेला नाही.”

आम्ही दोघी गेलो. भानुदास जामिनावर सुटून मालकाच्या वस्तीवर आला होता. दुपारच्या उन्हात ट्रॅक्टर लिंबाखाली उभा आणि तो त्याच्या चाकाला टेकून बसलेला. आम्ही कंपनीच्या म्हटल्यावर उठलासुद्धा नाही.

“आनखी काय घालायचं ऱ्हायलंय माझ्यावर? घाला.”

“भाऊ, काही घालायला नाही आलो,” बाई म्हणाल्या. “हा दिव्याचा खटका मी काढलाय.”

तो ताडकन उठला, ट्रॅक्टरवर चढला, वाकून बघितलं. “कवा काढला? हाय की हितंच!”

बाई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. भानुदासला काही कळेना. मी सांगितलं, काढला म्हणजे उपसला नाही, कागदावर काढला, चित्र काढतात तसा. तो बाईंकडे बघतच राहिला. “आसं चितार काडून करत्यात व्हय खटके? मला वाटलं, हे आसंच आसतं.” मग एकदम म्हणाला, “मंग ताई, चितार काडताना आमचं गानं कुटं ठिवलं तुमी?”

तेव्हा आम्हाला तो दुसरा खटका दिसला. सीटच्या बाजूला, मडगार्डला भोक पाडून बसवलेला, वर-खाली होणारा साधा खटका. वरच्या अंगाला कुणीतरी नेलपॉलिशने लाल ठिपका दिला होता. भानुदासने तो दाखवला. “मिस्त्रीनं बशिवला. सगळ्याच ट्रॅक्टरला हाय हिकडं. वर केला की गानं, खाली केला की मागचा दिवा. दोनी येकदम लावलं की फ्यूज उडतोय. तुमच्या खटक्यातनं मागच्या दिव्यापुरतीच येक बारीक वायर येती. तीच कापून गान्याच्या डेकला दिली. दुसरी आनायची कुठनं?”

“मग त्या दिवशी गाणं लावलं होतंस?”

“लावलं हुतं.” त्याने मान खाली घातली नाही. “ताई, खेपेवर खेप चाललीती. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागंस्तवर झोप न्हाई. गानं बंद झालं की माझा डोळा लागतोय. डोळा लागला तर पुढचा मरतोय. दिवा बंद आसला तर मागचा. आता तुमीच सांगा, कोनाला वाचवू?”

मी आजवर पुष्कळ पत्रकं वाचली आहेत. इतका नेमका प्रश्न एकातही वाचला नाही.

परतीच्या एसटीत बाईंनी तिकिटाच्या पाठीवर तो ठिपक्याचा खटका काढला. मग म्हणाल्या, “ते ड्रॉइंग काढताना माझ्या कानात काय होतं माहितेय? गाणी. कामात डुलकी लागू नये म्हणून दुपारी मी कानात गाणी लावून बसते. गाणी ऐकत ऐकत मी ठरवलं, की ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला गाणं लागत नाही.” आणि थोड्या वेळाने, “निष्काळजीपणा झालाय. पण तो ट्रॅक्टरवर नाही झाला.”

त्या आठवड्यात बाईंनी नवा खटका काढला. मला वाटलं होतं त्या गाण्याला वेगळी वायर देतील, जास्त ताकदीचा फ्यूज देतील, झालं. त्यांनी ते दिलंच. पण त्यापुढे जाऊन त्यांनी एक खोडी केली. गाण्याचा खटका फिरवला की ट्रॉलीचा मागचा दिवा आपोआप लागणार. दिवा बंद ठेवून गाणं वाजणारच नाही. “दिवा लावायची आठवण ठेवा म्हणून कुणाला सांगायला नको,” त्या म्हणाल्या. “गाणं कोण विसरतंय?” ज्या गाण्याने दिवा विझवला, त्याच गाण्याला त्यांनी दिव्याची राखण करायला बसवलं. आणि खटक्यावरच्या चिन्हाच्या जागी, जिथे दिव्याचं किंवा हॉर्नचं चित्र असतं, तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने एक बारकी ढोलकी काढली.

मीटिंगमध्ये सगळ्यात आधी त्या ढोलकीवर हसणं झालं. “मॅडम, मानकांमध्ये ढोलकी कुठे बसते?” मग हसणं थांबलं आणि खरी कारणं आली. नवा स्विच काढला म्हणजे जुन्यात खोट होती हे कबूल केल्यासारखं. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांना कंपनीने उत्तेजन दिल्यासारखं. मोठे साहेब समजुतीने म्हणाले, “हे डिझाइन पुढे कधीतरी बघू. आत्ता त्या उत्तरावर सही करा. अहो, तुमची चूक कुणी काढत नाही. मग तुम्ही का ओढवून घेताय?”

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या. “माझी कुणी काढत नाही आणि त्याची सगळे काढतात. वायर मी मोजून दिली. माणूस झोपेला येतो हे मी धरलं नाही. उत्तर असं लिहा, चूक खटक्याची. खाली ठळक सही करते.”

“आणि त्या मुलाचा पाय? त्याच्या घरच्यांना काय सांगणार, ड्रायव्हर साधुपुरुष आहे?”

“नाही. सांगणार, की भानुदासला आत टाकून तुमच्या मुलाचा पाय येणार नाही. पण पुढच्या मुलाचा पाय वाचवायची सोय कंपनीकडे कागदावर तयार आहे आणि कंपनी त्यावर बसून आहे. साहेब, हे तुम्ही सांगाल की मी सांगू?”

सही झाली नाही. उत्तर दुसऱ्याच कुणाच्या सहीने गेलं. बाईंची बदली पॅकिंगमध्ये झाली, तिथे त्या खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या बायकांशेजारी बसायच्या. मला वाटलं त्या खचतील. पहिल्याच दिवशी त्यांनी चिकटपट्टी कापायच्या यंत्राची मूठ हातात घेऊन विचारलं, “हे कुणी काढलंय? डावखुऱ्या बाईने काय करायचं?” पॅकिंगच्या मावशी मला नंतर सांगत होत्या, “पोरी, आमच्यात इतकी वरसं कुनी इचारलंच नव्हतं का कोन डावरं हाय म्हनून.”

पण बाई तिथे राहणाऱ्या नव्हत्या. एका सुट्टीच्या दिवशी त्या जामखेडला जाऊन पोलिसांसमोर जबाब देऊन आल्या, की दिव्याची वायर अपुरी होती आणि ती आपण ठरवली होती. तो जबाब कुणी मागितला नव्हता. लिहून घेणाऱ्याने म्हणे दोनदा विचारलं, “मॅडम, नक्की लिहू?” दुसऱ्या दिवशी बाईंनी राजीनामा दिला. जाण्याआधी त्यांनी आपल्या हाताने बनवलेला एकुलता एक नमुना पिशवीत घातला. साहेबांना तो हवा होता. त्या म्हणाल्या, “दोष नाही म्हणता ना? मग ह्याचं काय काम तुम्हाला?” खर्ड्याला नेऊन त्यांनी तो भानुदासच्या ट्रॅक्टरवर बसवला. लाल ठिपक्याचा खटका उपसून काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. भानुदास म्हणाला, “आता खरा काडला, ताई.”

बाईंना दुसऱ्या राज्यात बस बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पुण्याची गाडी लागली, सामान चढलं, आणि बाई गायब. बघते तर ड्रायव्हरच्या दाराशी उभ्या, त्याला विचारतायत, “वायपरला हात पुरतो का हो? वाकावं लागतं?” ड्रायव्हर म्हणाला, “वाकतो की. सवय झाली.” बाई माझ्याकडे वळल्या आणि बोट नाचवत म्हणाल्या, “ऐकलंस? ‘सवय झाली.’ ह्या दोन शब्दांनी जेवढी माणसं मारलीत ना!” मग खिडकीतून मला म्हणाल्या, “पत्रकवाली, कंपनीची पत्रकं पुष्कळ लिहिलीस. एक माझ्यासाठी लिही. पण त्यात ‘चालकाने’ हा शब्द नको.”

भानुदासचा खटला अजून चालू आहे. तारखा पडतात, तो जातो. बाईंचा जबाब कागदांत आहे, त्याने काय होईल मला ठाऊक नाही. गेल्या हंगामात त्याची भेट झाली तेव्हा म्हणाला, “सुटंन नायतर न्हाई सुटनार. पन माझी येकट्याची चूक न्हाई आसं म्हननारं कोनतरी निघालं. नायतर माझी बायकूसुदिक म्हनायची, तुझंच गानं नडलं.” बाईंचा खटका त्याच्या ट्रॅक्टरवर आहे. मी स्वतः पाहिला. ढोलकीचा रंग बोटांनी पुसत आलाय.

कंपनीने नवा स्विच बाजारात आणला. डबा सुंदर आहे. आत ढोलकी नाही, गाण्याची वायर नाही. पत्रकात ते वाक्य आहे, ‘चालकाने खात्री करावी.’ ते आता मी लिहीत नाही. मी ती नोकरी सोडली. आणि कारखान्याच्या रस्त्याला लागलात तर मडगार्डवर लाल ठिपके तसेच दिसतील. वर गाणं, खाली दिवा. कुणाला वाचवायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि चुकलं की आत जायचं.

बाई, तुम्ही सांगितलेलं पत्रक हे. ‘चालकाने’ हा शब्द मी तुमच्यासारखीच लाल रेघ मारण्यापुरता वापरलाय.

आणि वाचणाऱ्यांनो, माझी मागणी एवढीच. तुमच्या घरी, वस्तीवर, शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर असेल तर उद्या उजेडी त्यावर चढा. मागचा दिवा लावा. मग गाणं लावा, रोज लावतात तेवढ्याच मोठ्याने. खाली उतरा, ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहा, आणि बघा दिवा अजून लागलेला आहे का. विझला असेल, तर त्या सीटवर रोज बसणाऱ्यावर ओरडू नका. ज्या डब्यातून दिव्याचा मूळ खटका आला त्याच्यावर कंपनीचा पत्ता छापलेला असतो. त्या पत्त्यावर एकच ओळ लिहून पाठवा, ‘हे चित्र काढताना आमचं गाणं कुठे ठेवलंत?’